हिवराळे काकांचा शक

हिवराळे काका कुणालाही भेटले की तब्येत विचारायच्या आधी त्याच्या बाहीची कड दोन बोटांत धरतात. धरतात, जराशी उलटी करतात, आतली शिवण बघतात आणि मग विचारतात, बरंय ना. आमच्या इमारतीत राहायला आले त्या दिवशी जिन्यात त्यांनी माझ्या नवऱ्याची बाही अशीच धरली. म्हाताऱ्या माणसाचा तोल गेला असं वाटून नवऱ्याने त्यांना दुसऱ्या हाताने सावरलं. काका शांतपणे म्हणाले, "दोनवर दोन फुकट वाल्या सेलमधला दिसतोय. व्हय ना?"

नवऱ्याचा चेहरा पडला. मला त्याने एकच शर्ट घेतल्याचं सांगितलं होतं. उरलेले तीन मला त्याच संध्याकाळी कपाटात जुन्या स्वेटरांच्या खाली सापडले. त्या दिवसापासून काका मला आवडायला लागले आणि नवरा जिन्यात त्यांना बघून हात पाठीमागे बांधायला लागला.

काकांनी कपड्याच्या धंद्यात चौतीस वर्षं काढली. फुलंब्रीहून शहरात आले तेव्हा गुलमंडीच्या जुन्या बाजारातल्या एका दुकानात तागे उलगडून दाखवायचं काम करत होते. मग जालना रोडवर चकचकीत दालनं निघाली, त्यांतल्या एकात त्यांना घेतलं आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून मर्चंडायझर केलं. म्हणजे कोणता माल कुठं टांगायचा, किती दिवस टांगायचा आणि कोणत्या आठवड्यात त्याचा भाव पाडायचा, हे ठरवणारा माणूस. गिऱ्हाईक दारातून आत आलं की ते आधी कुठं बघेल, हात कुठं घालेल, हे सगळं आधीच ठरवून ठेवलेलं असायचं, आणि ते ठरवणाऱ्यांत काका होते. चौतीस वर्षं हे सगळं माहीत असून तोंड बंद ठेवावं लागलं. निवृत्त झाले आणि ते तोंड उघडलं ते उघडलंच.

"शक ठेवायचा ताई," ते म्हणतात. "शक फुकट असतो."

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाला हसून बोलला तरी मी माप दोनदा बघते. त्यामुळे आमचं जमलं. पण काकांपुढे मी अगदीच भोळी. ते औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा नखाने सोलून बघतात, खाली दुसरी आहे का म्हणून. लग्नपत्रिका आली की छपाई कधीची असेल, आपलं नाव पहिल्या यादीत होतं की कुणी गळल्यावर भरलं, याचा विचार करतात. आमच्याकडे एकदा उपमा खाल्ला तर आधी विचारलं, सकाळचा आहे का. सकाळचा होता.

त्यांच्याबरोबर सेलला जाणं हा एक अनुभव आहे. एका श्रावणात मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शेखभाभी त्यांना घेऊन गेलो होतो. दारातच मोठ्या टेबलावर कुर्त्यांचा ढीग, वर लाल पाटी, भोवती बायकांची झुंबड. शेखभाभींनी हात घातलाच होता. काकांनी त्यांना मागे ओढलं. म्हणाले, ढीग मुद्दाम विस्कटून ठेवलेला असतो, सकाळी मीच विस्कटायचो. घडी घातलेल्या मालाला माणूस हात लावत नाही, विस्कटलेला दिसला की वाटतं दुसरी कुणी घेऊन जाईल. मग ते आम्हाला टेबलाला वळसा घालून सरळ मागच्या कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे उजेड कमी, गाणं ऐकू येत नाही, आरसा नाही. तिथे एका दांडीवर पाच-सहा सुरेख कुर्ते लटकत होते, कुणी ढुंकून बघत नव्हतं.

काकांचं म्हणणं असं, की सेलमध्ये पाटी वाचायचीच नाही. मालाला एकच प्रश्न विचारायचा, तुझी नियत काय. तू दुकानात आधीपासून होतास आणि आता नकोसा झालास म्हणून स्वस्त झालास, की सेलसाठीच जन्माला आलास? खरा उरलेला माल असेल तर त्याचे साइज तुटलेले असतात. एक फार लहान, दोन फार मोठे, मधले गायब, कारण मधले लोकांनी आधीच पूर्ण किमतीत नेलेले असतात. आणि सगळे रंग, सगळे साइज छान रचून ठेवलेले दिसले, तर तो माल सेलसाठीच शिवलेला. त्याचं कापड उजेडात धरा, पलीकडचा माणूस दिसतो. त्याची शिवण उलटी करा, उसवून सैल करायला आत बोटभर कापड सोडलेलं नसतं. बटण ओढून बघा, शक्यतो दुकानातच ओढा.

शेखभाभींनी दुकानातच ओढलं आणि ते हातात आलं. तिथल्या मुलीने वर बघितलं. काका तेव्हा काचेतल्या पुतळ्यामागे उभे होते. पुतळ्याच्या अंगातला कुर्ता इतका नेटका बसला होता की मला तोच हवा होता, म्हणून काकांनी पुतळा धरून गरकन फिरवला. पाठीमागे कुर्ता सात टाचण्या लावून चिमटलेला होता. सात मी मोजल्या, कारण तोवर दारावरचा माणूस येऊन आमच्या शेजारी उभा राहिला होता आणि मला कुठेतरी बघायचं होतं. काकांनी त्यालाही बाहीला धरलं. म्हणाले, गणवेश चांगल्या कापडाचा दिलाय तुला, जप.

त्यांच्यामुळे आमच्या इमारतीत कपड्यांचे ऋतू बदलले. आम्ही पांढरे कपडे भर पावसाळ्यात घेतो. चौदा एप्रिलला शहरात पांढऱ्या कपड्यांना मागणी असते, तेव्हा दुकानदार भाव कशाला पाडेल? पावसाळ्यात पांढऱ्याला कुणी विचारत नाही, घालून बघणाऱ्यांची पावडर गळ्याला लागून लागून तो मळका दिसतो आणि दुकान त्याला टाकाऊ समजतं. साबणाने डाग निघतो. हिवराळे काकांचा जयंतीचा झब्बा दर वर्षी असा भाद्रपदात येतो आणि कपाटात सात महिने वाट बघतो.

इतका हुशार माणूस आपल्या लेकीच्या दुकानात एवढी मोठी चूक करेल असं कुणाला वाटलं नसतं.

काकू जाऊन पाच वर्षं झाली. प्रज्ञा ही एकुलती एक मुलगी. पुण्याला एका कपड्यांच्या कंपनीत चांगली नोकरीला होती. ती सोडून ती घरी आली आणि गेल्या पौषात तिने कॅनॉट बाजाराच्या मागच्या गल्लीत स्वतःचं छोटं दुकान काढलं. बायकांचे कुर्ते, ओढण्या, थोडे तयार ब्लाउज. उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो होतो. बुद्धवंदना झाली, पेढे वाटले, काका नव्या झब्ब्यात दाराशी उभे राहून येणाऱ्याला या या म्हणत होते. इतके आनंदात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक सिल्लोडहून आलेली एक बाई होती. तिने एक पिवळा कुर्ता उचलला, अंगाला लावून बघितला आणि घरातलं वडीलधारं माणूस दिसतंय म्हणून काकांनाच विचारलं, कसा आहे. काकांनी सवयीने कड उलटी केली. म्हणाले, "ताई, रंग झकास हाय. पर पंधरा दिस थांबा. हा पिवळा चालत नसतो, भाव खाली येतोच." बाईने कुर्ता ठेवला. ऐकणाऱ्या आणखी दोघींनी हातातले ठेवले. काका थांबले असते तर निभावलं असतं, पण एक तिसरी विचारायला आली आणि त्यांनी तिला शिवण वाचून दाखवली.

प्रज्ञा गल्ल्यामागून बाहेर आली. आवाज चढवला नाही तिने. आम्हा सगळ्यांसमोर एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही दुकानात नका येत जाऊ." काकांनी चपला घातल्या आणि ते चालत घरी आले. त्याच आठवड्यात प्रज्ञा दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला गेली.

त्यानंतर दोघं बोलली नाहीत. काकांनी तिचं नाव काढणं बंद केलं. जिन्यात बाही धरायचे, पण शेरा मारायचे नाहीत, नुसती बघून सोडून द्यायचे. आम्हाला ते फार विचित्र वाटायचं.

श्रावण लागला आणि प्रज्ञाने दुकानावर सेलची पाटी लावली. शेखभाभींची भाची तिच्याकडे फॉल-पिको करते, तिच्याकडून कळलं की गोष्ट गंभीर आहे. दसऱ्या-दिवाळीचा नवा माल भरायचा तर आधी जुना निघायला हवा. तो निघाला नाही तर प्रज्ञा दुकान बंद करून पुण्याला परत जाणार, नोकरीचं तिने विचारूनसुद्धा ठेवलं आहे. हे मी काकांच्या कानावर घातलं.  ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि मला चहा विचारायला विसरले.

दोन दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं, दार लावून घेतलं आणि हातात एक पाकीट दिलं. म्हणाले, प्रज्ञाच्या दुकानात जायचं. उजव्या भिंतीला, खालच्या दांडीवर, डावीकडून तिसरा, मोहरीच्या रंगाचा कुर्ता, डबल एक्सएल. तोच आणायचा, दुसरा नाही. घासाघीस करायची नाही. माझं नाव काढायचं नाही आणि इमारतीत कुणाला बोलायचं नाही.

माझ्या डोक्यात तिथेच किडा वळवळला. आठ महिने त्या दुकानात पाऊल न टाकलेल्या माणसाला डावीकडून तिसरा कुर्ता कोणता हे कसं माहीत? आणि डबल एक्सएल कुणासाठी? गेले मात्र, कारण न जाता मला झोप लागली नसती.

कुर्ता सांगितल्या जागीच होता. हातात घेतला आणि काकांच्या शिकवणीप्रमाणे उलटा केला. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली, गळपट्टी चुण्या पडलेली, आत बोटभर सोडा, नखभरही कापड नाही. सगळ्या दुकानात याच्याइतका बिघडलेला नग दुसरा नव्हता. प्रज्ञाने कुर्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, काकू, हा तुमच्या मापाचा नाही. मी सांगितलं, नणंदेला हवाय. मला नणंद नाही.

घडी घालता घालता ती विचारू लागली, इमारतीची लिफ्ट दुरुस्त झाली का. पाणी हल्ली किती वाजता येतं. तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातला दिवा लागतो का. बापाबद्दल एक अक्षर नाही, चौकशी सगळी इमारतीची. मला वाटलं, हिचा डोळा फ्लॅटवर आहे. दुकान बुडालं तर फ्लॅट विकायचा विचार दिसतोय. मी जपून, मोघम उत्तरं दिली.

पुढच्या आठवड्यात काकांनी जांभळा कुर्ता आणायला सांगितला, सर्वांत लहान मापाचा, बटणपट्टी तिरकी गेलेली. तो मी भाचीसाठी घेतला. त्यानंतर कोपऱ्यातली एक ओढणी, रंग एका टोकाला उतरलेली. ती विहिणीसाठी. माझी मुलगी अजून कॉलेजात आहे.

मग एका दुपारी जिन्यात शेखभाभी समोर आल्या. त्यांच्या हातातली पिशवी प्रज्ञाच्या दुकानातली होती, आणि माझ्याही. आम्ही दोघींनी एकदमच पिशव्या पाठीमागे घेतल्या. मग भाभींना हसू आवरेना. म्हणाल्या, "मेरेकु बोले, किसीकु नक्को बोलो. मैं बोली, तुमकु मालूमच नै होयेंगा." चौकशी केली तर पहिल्या मजल्यावरच्या गायकवाड आजीसुद्धा ढगळ कुर्ते आणून देत होत्या. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि आयुष्यभर नऊवारी नेसल्या आहेत.

संध्याकाळी गच्चीवर आमची तिघींची बैठक बसली. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं. काका पुरावा गोळा करताहेत. लेकीने चारचौघांत दुकानाबाहेर काढलं, ते त्यांना लागलंय. एकेक बिघडलेला नग जमवून एक दिवस हा माणूस सगळं गाठोडं तिच्या गल्ल्यावर नेऊन टाकणार आणि म्हणणार, बघ, मी काय चुकीचं बोललो होतो. आजींनी तर तारीखही काढली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गर्दी असताना. मला स्वतःची लाज वाटायला लागली, कारण ते गाठोडं भरायला मी हातभार लावला होता.

खात्री करून घ्यावी म्हणून रविवारी मी काकांच्या मागे गेले. ते कॅनॉटच्या त्या गल्लीत, दुकानाच्या बरोबर समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभे राहिले. डोक्याला आणि तोंडाला रुमाल गुंडाळलेला, वर काळा चष्मा. चहा पिताना रुमाल खाली करायचे आणि परत वर. दीड तास त्यांनी काचेतून आत बघितलं. कोण आलं, कोणी काय उचललं, काय परत ठेवलं. डावीकडून तिसरा कसा कळतो ते मला समजलं; बायका अंगाला लावून पुन्हा पुन्हा परत टांगत तो नग, आणि तो कुठे बिघडलाय हे काकांच्या नजरेला गल्लीपलीकडूनही कळत होतं. परत आल्यावर मी सहज विचारलं, कुठं गेला होतात. म्हणाले, पाय मोकळे करायला, आणि तिकडं एक टपरीवाला हाय, चहात साखर मारतो, बिलकुल घालत नाय, कुणावर भरवसा ठेवायची सोय राहिली नाय.

आता मात्र राहवेना. मी त्यांच्या मागोमाग वर गेले. काका एवढे दार लावून घेणारे, पण त्या दिवशी जिना चढून दमले होते की काय, दार उघडंच राहिलं. मी आत गेले.

पलंगभर कुर्ते पसरले होते. मोहरी, जांभळा, ओळखीचे सगळे, आणि मी न आणलेलेही बरेच. काका काकूंच्या शिलाई मशीनवर बसले होते. मोहरीच्या कुर्त्याची गळपट्टी उसवून झाली होती, नवी लावत होते. मला बघून त्यांनी पाय थांबवले, पण कुर्ता लपवला नाही.

मी सरळ विचारलं. म्हटलं, काका, हे सगळं तिच्यापुढे नेऊन टाकणार आहात ना? एकुलत्या एक मुलीवर असा डाव धरता?

त्यांना आधी कळलंच नाही मी काय म्हणतेय ते. कळलं तेव्हा ते चष्मा काढून पुसायला लागले. "तुम्हाला असं वाटलं व्हय," ते म्हणाले. 

हळूहळू त्यांनी सांगितलं. अडलेला नग दांडीवर राहिला की तो दुसऱ्या मालाची जागा खातो. गिऱ्हाईक आठ दिवसांनी परत आलं आणि तोच नग तिथेच दिसला, की त्याला वाटतं दुकानात नवं काही येतच नाही. चांगला माल आपोआप जातो, त्याची फिकीर नाही. पण बिघडलेला नग सेलमध्ये एखादी गरजू बाई स्वस्त म्हणून नेणार. घालून ती चार ठिकाणी फिरणार आणि विचारेल त्याला दुकानाचं नाव सांगणार. म्हणून एकही बिघडलेला नग दुसऱ्या कुणाच्या अंगावर जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. चौतीस वर्षांत एक कपडा पूर्ण भावात न घेतलेला माणूस हे सगळं सांगितलेल्या भावात घेत होता, आणि दार लावून नीट करत होता, कारण वाईट शिवण तशीच घरात ठेवणं त्यांना सहन होत नव्हतं.

मी म्हटलं, मग तिला सांगा ना, शिवणारा बदल म्हणून.

"सांगायला तोंड ठेवलंय का मी? त्या दिवशी बोललो ते खोटं नव्हतं, ताई. पर बाप म्हणून उभा होतो तिथं, अन् मी गिऱ्हाईकाचा झालो. तिचा नाय झालो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला आवडत नाही, म्हणून मी कुर्त्यांच्या घड्या घालायला लागले. काकांबद्दल काय काय मनात आणलं होतं मी, आणि तेही गच्चीवर बसून, शेंगदाणे खात. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रज्ञाकडे गेले. काकांनी नको म्हटलं होतं, पण मी त्यांचं ऐकायचं थांबवलं होतं. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. नणंद नाही हेही सांगितलं.

ती म्हणाली, "माहीत आहे, काकू. पहिल्या कुर्त्यालाच कळलं. एवढा वाईट नग एवढा बरोबर शोधून उचलणारा माणूस या गावात एकच आहे."

मग विकत कशाला राहिलीस, असं मी विचारलं. तिने गल्ल्याखालून एक वही काढली. बाबांनी जो नग मागवला त्याची त्यात नोंद होती, आणि तो कुणी शिवला होता त्याचं नाव. एका शिवणाऱ्याचं नाव तीनदा आलं तेव्हा तिने त्याचं काम बंद केलं. एका रंगाचे चार नग बाबांनी मागवले तेव्हा तो रंग पुन्हा मागवला नाही. दिवाळीचा नवा माल तिने त्या वहीवरून ठरवला होता. सेलमधला जुना माल बराच निघाला होता आणि पुण्याला तिने येत नाही म्हणून कळवलं होतं.

"आणि ते नेत होते तोवर मला कळत होतं ना, की ठीक आहेत," ती म्हणाली. "लिफ्ट बंद असली की मला काळजी वाटायची. तीन मजले चढतात ते. तुम्हाला विचारलं तर तुम्ही धड सांगत पण नव्हता."

फ्लॅटचं मी तिला सांगितलं नाही. काही गोष्टी माणसाने स्वतःपाशी ठेवाव्यात.

समोर टपरी होती. तिने तिकडे हात केला. बाबांना साखरेचा त्रास आहे, म्हणून पहिल्याच दिवशी तिने टपरीवाल्याला सांगून ठेवलं होतं, तो रुमालवाला म्हातारा आला की त्याला बिनसाखरेचा द्या. मला हसू आलं, तीही हसली, आणि हसता हसता एकदम तोंड फिरवून ओढण्यांच्या घड्या नीट करायला लागली. त्या नीटच होत्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "त्यांना म्हणावं, उन्हात उभं राहू नका. आत येऊन बसा."

निरोप मी लगेच काकांना सांगितला. संध्याकाळी ते माझ्या दारात उभे राहिले, उद्या बरोबर येता का विचारायला. एकट्याने जायला बरं वाटत नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधीच तयार होऊन बसले होते. 

प्रज्ञाने त्यांना बघितलं आणि आरशाशेजारचा स्टूल पुढे केला. बसा, एवढंच म्हणाली. ते बसले. दुकानात त्या दिवशी बऱ्यापैकी बायका होत्या. काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. डोळ्यांसमोरून कुर्ते जात होते, येत होते, आणि हा माणूस समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता. असा तास गेला. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग व्हायचं ते झालं. एक बाई हिरवा कुर्ता घेऊन आरशापुढे आली, वळून बघितलं, मन होईना. शेजारी वडीलधारं माणूस बसलेलं, तिने त्यांच्यापुढेच धरला. "काका, घेऊ का हो? टिकेल ना?"

गल्ल्यावर प्रज्ञाचा हात थांबला.  कुर्ता काकांच्या नाकासमोर होता, कड अगदी हाताशी. त्यांनी हात बाहेर काढले नाहीत.

"मला इथलं काय कळत नाय, बाई," ते म्हणाले. "माझ्या लेकीला विचारा. तिला कळतं."

प्रज्ञा गल्ल्यामागून आली. बाईच्या हातातून कुर्ता घेऊन ती तिला माप, कापड, धुवायचं कसं, सगळं समजावून सांगू लागली. तिचा आवाज मधेच भरून यायचा, ती खाकरून पुढे बोलायची. बाईला वाटलं असेल पोरीला सर्दी झालीय. काका तोवर खाली मान घालून आपल्या चपलांकडे बघत होते.

निघताना प्रज्ञा दारापर्यंत आली, उद्या लवकर या म्हणाली, जेवूनच जा इकडे. काकांनी मान हलवली. रिक्षा जालना रोडला लागली, सिग्नलला थांबली, सुटली. आमची इमारत जवळ आली तेव्हा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "ताई, जास्त तर नाय ना बोललो मी?"